गवसणीतली बंदूक

दि. ४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि माझं उत्तर नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. फुगू नकोस. फुगलीस की तू हुबेहूब तुझ्या आईसारखी दिसतेस आणि मग मला तिच्याशी लहानपणी केलेली सगळी भांडणं आठवतात. फोन का केला नाही असंही विचारशील. मी फोनवर बोलायला लागले की पलीकडच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात, हे तुझंच म्हणणं. आजचा विषय पलीकडच्या इमारतीसाठी नाही.

परवा सरकारी शिपाई येऊन दोन कागद देऊन गेला. पहिला छापील, सगळ्या घरांना वाटलेला, 'शहरातील रहिवाशांसाठी शस्त्र व सार्वजनिक उपद्रव यांबाबत सूचना'. वाचून करमणूक झाली. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडू नये. छऱ्याची बंदूकसुद्धा गच्चीवरून चालवू नये. सकाळी सातच्या आत यंत्र चालवू नये. गॅलरीतून गालिचे झटकू नयेत. म्हणजे गोळी झाडणारा आणि मी एकाच कागदावर! खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या गालिच्याबद्दल तक्रार केली असणार, मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे.

दुसरा कागद परवाना शाखेचा, तुझ्या काकांच्या नावाचा आहे. ते जाऊन दीड वर्ष झालं, पण सरकारदरबारी माणूस इतक्या लवकर जात नसतो. परवानाधारकाने आपली एकनळी बंदूक आणि परवान्याची पुस्तिका तीस तारखेच्या आत पडताळणीसाठी हजर करावी, न केल्यास कारवाई होईल, असं त्यात आहे.

आता मुद्दा. तू तुमच्या शहरात परवाना शाखेतच बसतेस म्हणून विचारते. माझी एक शेजारीण आहे. तिच्याकडेही असाच कागद आला आहे. तिच्या नवऱ्याची बंदूक बऱ्याच वर्षांपूर्वी, समज, गहाळ झाली. तिने कुणाला सांगितलं नाही. अशा बाईला काय होतं? मला नुसती उत्सुकता आहे. तिला फार काळजी लागली आहे, जेवण जात नाही बिचारीला.

बाकी ठीक. गुडघा आपल्या जागी आहे आणि दुखणंही. तुझ्या साहेबांची बदली झाली का? झाली नसेल तर त्यांना माझा नमस्कार सांगू नकोस. माया आहेच, ती उत्तर वेळेवर देण्यावर अवलंबून नाही, तरी वेळेवर दे.

तुझी
मावशी


दि. ८ नोव्हेंबर

ती. मावशीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. साहेबांची बदली झालेली नाही. टेबलावरच्या फायलींची मात्र झाली आहे, त्या सगळ्या त्यांच्याकडून माझ्याकडे आल्या आहेत.

तुझ्या शेजारणीची हकिकत वाचली. मावशी, तुझ्या एका बाजूला दंतवैद्य राहतात, दुसऱ्या बाजूला गोदाम आहे, आणि खालच्या बाईंचा नवरा झुरळालासुद्धा घाबरतो हे तूच मला दोनदा लिहिलं आहेस. मग ही बंदूकवाली शेजारीण कुठून आली? शिवाय तिचं जेवण जात नाही, हे तुला इतकं आतून कसं कळलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तरी मी शेजारणीलाच उत्तर देते, म्हणजे तुझी अब्रू राहील.

आमच्या शाखेत आम्ही लोकांना जे सांगतो ते असं. परवान्यावरचं शस्त्र हरवलं तर लगेच कळवावं लागतं. कळवलं नाही तर तो गुन्हा, कारण हरवलेली बंदूक कुणाच्या तरी हाती लागलेली असू शकते. परवानाधारक हयात नसेल तर घरातल्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. दंड होऊ शकतो, खटलाही होऊ शकतो, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर 'शस्त्र गहाळ, खुलासा नाही' असा शेरा बसतो. शेजारणीला म्हणावं, घाबरून गप्प बसू नये. तारखेच्या आत स्वतः जाऊन खरं सांगणारा माणूस आणि पोलीस शोधत येईपर्यंत बसून राहणारा माणूस यांच्याकडे कुठलीही कचेरी वेगळ्या नजरेने पाहते.

आता शेजारणीला बाजूला ठेव आणि मला सरळ लिही. काकांची बंदूक माळ्यावरच्या कपाटावर गवसणीत असते हे मला लहानपणापासून माहीत आहे. आम्ही मुलं खालून तिच्याकडे बघून आपापसांत गोष्टी रचायचो. ती तिथे आहे ना? की नाही?

लवकर लिही. गालिचे खाली नेऊन झटक. राग आला असेल तर तो पत्रातच काढ, फोन करू नकोस.

तुझी
भिंगरी


दि. ११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिकवून सवरून तुला नोकरीला लावलं ते मावशीची उलटतपासणी घ्यायला, हे ठाऊक असतं तर तुला शिवणकाम शिकवलं असतं. असो. शेजारीण मीच.

गवसणी जागेवर आहे. तिच्यात बंदूक नाही. नळाचा पाइप आहे. तो मीच घातला, अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

आता सगळं सांगते. हे कधी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. तेव्हा आम्ही जुन्या घरात होतो. खाली ह्यांचा सुतारकामाचा कारखाना, वर दोन खोल्या. आम्ही गेलो तेव्हा ते शहराचं टोक होतं. रात्री लाकूड चोरीला जायचं म्हणून ह्यांनी बंदुकीचा परवाना काढला. पुढे चारी बाजूंनी घरं झाली, चोर कमी झाले आणि शेजारी वाढले. समोर एक मास्तर राहायला आले. ह्यांचं रंध्याचं यंत्र पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं आणि मास्तरांची झोप उडायची. त्यांनी दोनदा येऊन नीट सांगितलं. तुझ्या काकांना 'नीट सांगितलेलं' कधी ऐकू गेलं आहे? शेवटी मास्तरांनी पालिकेत सार्वजनिक उपद्रवाची तक्रार केली. नोटीस आली की सातच्या आत यंत्र चालवलं तर कारखान्याला कुलूप लागेल.

ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक घेऊन खाली गेले, कारखान्याच्या पायरीवर बसले आणि मास्तर शाळेत जायला निघतात नेमक्या त्या वेळेला ती पुसत बसले. गोळी नव्हती, काडतुसं वर माझ्याकडे होती. तोंडाने एक शब्द बोलले नाहीत. पण मास्तर दारातच थांबले, आणि त्यांच्या मागे त्यांची लहान मुलगी उभी होती ती मी खिडकीतून पाहिली. मास्तर त्या दिवशी शाळेत गेले नाहीत. भिंगरी, मला इतकी लाज कधी वाटली नाही. आणि भीतीही. ज्याच्या हातून लाकडातली गाठसुद्धा ओरबाडली जात नाही, तो माणूस असंही करू शकतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना एवढंच म्हटलं की ही वस्तू घरातून जाऊ दे. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पुढचा आठवडा माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मग एक दिवस ते गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले तेव्हा मी बंदूक काढली आणि कारखान्यातल्या भुशाच्या पोत्यात खोल खुपसली. तो भुसा दर आठवड्याला बेकरीवाल्याच्या भट्टीसाठी जायचा. त्या दिवशीच गाडी आली आणि पोती घेऊन गेली. गवसणी हलकी लागू नये म्हणून तिच्यात पाइप घातला आणि चिंध्या भरल्या.

बंदूक भट्टीत गेली असणार. त्यानंतर महिनाभर मला त्या बेकरीचा पाव गिळवत नव्हता. हे मात्र मिटक्या मारत खायचे.

ह्यांनी पुढे बंदुकीचं नाव काढलं नाही. वर्षातून एकदा गवसणी खाली काढायचे, वरची धूळ पुसायचे आणि परत ठेवायचे. उघडली कधी नाही. तेवढा वेळ माझी पाचावर धारण बसलेली असायची. परवान्याचं नूतनीकरण कागदावरच होतं असं एकदा म्हणाले, मी पुढे विचारलंच नाही. मास्तरांशी भांडण मिटलं, यंत्र सातनंतर सुरू व्हायला लागलं. पण त्या सकाळबद्दल ह्यांनी ना मास्तरांची माफी मागितली, ना माझी. कुणाचीच कधी मागितली नाही म्हणा, तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्याचा राग माझ्या मनात राहिला, आणि आपण त्यांना फसवलं हेही राहिलं. दोन्ही घेऊन संसार केला. चांगला केला, पण केला दोन्ही घेऊन.

मला दंडाची भीती नाही. तुरुंगात टाकायचं तर टाका, तिथे निदान जिने नसतील. पण ह्यांच्या नावावर शेरा नको. आयुष्यात त्यांनी कुणाच्या दाराला एक खिळा कमी मारला नाही. माझ्या करणीने ते गेल्यावर गुन्हेगार ठरायला नकोत. एवढं बघ.

तुझी
मावशी

ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. तू टाकणार नाहीस हे माहीत आहे.


दि. १५ नोव्हेंबर

ती. मावशीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र कचेरीत वाचलं आणि मोठ्याने हसले. साहेबांनी काय झालं विचारलं. मी म्हटलं, मावशीचं पत्र आहे, प्रकृती बरी आहे. मग मास्तरांच्या मुलीपाशी आले तेव्हा हसू गेलं. पत्र फाडलेलं नाही.

मी सरकारी नोकर आहे आणि तू गुन्हा कबूल करून मला लिहिते आहेस, याचा तुला काही विचार? लहानपणी मला पुढे करून शेजारच्या झाडाचे पेरू काढायला पाठवायचीस, तेव्हापासून तुझा हाच धंदा आहे.

आता नीट ऐक. एक, लोखंड भुशाबरोबर जळून राख होत नाही. दस्ता जळेल, नळी उरेल. भट्टी साफ करणाऱ्याला ती दिसलीच असणार. तो बेकरीवाला आहे का अजून? असेल तर त्याला भेट. दोन, परवान्याची पुस्तिका शोध. तीन, गवसणी खाली काढ आणि आत काय आहे ते डोळ्यांनी बघ. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काय ठेवलं यावर अर्ज लिहिता येत नाही. चार, सोबत अर्जाचा मसुदा पाठवते आहे. त्यात 'माझ्या हातून' असं लिहिलं आहे, 'आमच्या' असं नाही. काकांचं नाव वाचवायचं असेल तर दोष तुला पूर्ण स्वतःवर घ्यावा लागेल, आणि तू घेशील हे मला ठाऊक आहे.

काकांना कळलं असेल का, हा प्रश्न तू लिहिला नाहीस, पण पत्रभर तोच आहे. मला वाटतं कळलं नसावं. ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. माझं खुर्चीचं चित्र पाहून त्यांनी तिसऱ्या पायाबद्दल अर्धा तास व्याख्यान दिलं होतं आणि मी तेव्हा सहा वर्षांची होते.

आमच्याकडे या आठवड्यात तपासणी आहे, रजा मिळत नाही. एकटी जाऊ नकोस. प्रेम आहे ते आहेच, पण उत्तर मात्र टपालाच्या पहिल्या गाडीने पाठव.

तुझी
भिंगरी


दि. १८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

बेकरीवाला चार वर्षांपूर्वी वारला. त्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या मुलीला भट्टीबद्दल विचारलं तर तिने माझे डोळे तपासायला घेतले. पुस्तिका सापडली नाही. ह्यांची सगळी कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत आहेत, तुझ्या आईच्या लग्नात आणलेल्या खुर्च्यांच्या भाड्याची पावतीसुद्धा आहे, पण ती पुस्तिका नाही.

मग दंतवैद्यांना बोलावून गवसणी खाली काढवली. त्यांना सांगितलं की आत पडद्याची दांडी आहे. ते गेल्यावर दार लावून पलंगावर ठेवली आणि दोरी सोडली.

भिंगरी, आत पाइप नाही. आत लाकडाची बंदूक आहे.

मी खाली बसले. दूध उतू गेलं तेव्हा उठले. मग चष्मा लावून पाहिली. दस्ता शिसवीचा, नळी कुठल्या तरी हलक्या लाकडाची, काळं पॉलिश केलेली. घोडा बोटाने मागे ओढला की हलतो, आणि सोडला की आपल्या जागी जातो. आतून शिसं ओतून वजन बरोबर केलं आहे. हात ह्यांचा आहे, त्याला सही लागत नाही. दस्त्याच्या टोकाला कडा अशी गोल केली आहे की कुणालाही लागू नये, तशी ते पाळण्याची करायचे.

म्हणजे माहीत होतं! त्या महिन्यात दोन रविवार कारखान्याचं दार आतून लावून बसले होते, गिऱ्हाइकाचं घाईचं काम आहे म्हणाले होते. गिऱ्हाईक मी होते तर. आणि वर्षातून एकदा ती धूळ पुसायचं नाटक! मी तिकडे देवाचं नाव घेत उभी, आणि हे आतल्या आत हसत असणार. अठ्ठावीस वर्षं! मला वाटायचं मी मोठी हुशार. आता समोर असते तर त्याच बंदुकीने दोन घातले असते. आणि माझा पाइप कुठे गेला? चांगला होता.

पण राग ओसरल्यावर भीती वाटायला लागली. त्यांना कळलं म्हणजे खरी बंदूक त्यांच्या हाती परत आली असणार. मग ती त्यांनी कुठे ठेवली? कुणाला दिली? विकली? त्या मास्तरांवर राग धरून कुठे लपवून ठेवली असली तर? मी त्यांना ओळखत होते असं मला वाटायचं. परवापर्यंत वाटायचं.

सोमवारी कचेरीत जाते. मसुदा उतरवून काढला आहे. सोबत मास्तरीणबाई येणार आहेत, त्याच, जुन्या घरासमोरच्या. मास्तरही आता नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की त्या सकाळपासून आपल्याला वाटायचं, मी वरून नवऱ्याला उचकवलं असेल. अठ्ठावीस वर्षं ओळखीचं हसून त्यांनीही हे मनात ठेवलं. मग आम्ही दोघी चहा प्यायलो.

तुझी
मावशी


दि. २१ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. नमस्कार. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्या लिहिते आहे. जाऊ नकोस. मी सव्वीसला येते, रजा मागितली आहे, साहेबांनी तोंड वाकडं केलं पण सही केली. आणि काहीही झालं तरी ती लाकडी बंदूक घेऊन रस्त्यावर फिरू नकोस! खरी वाटणारी नकली बंदूक लोकांपुढे आणून भीती घालणं हाही उपद्रवच. तुझ्याकडच्या छापील कागदात बघ, गालिच्यांच्या खालच्या ओळीत असेल.

काकांनी ती कुणाला विकली असं मला वाटत नाही. पण मला आधी वाटलं होतं की त्यांना कळलं नसेल, तेव्हा माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

घाईत,
भिंगरी


दि. २५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी कचेरीतून परत येऊन पाय शेकत बसले होते. म्हणजे तू 'जाऊ नकोस' म्हणतेस ते मी वाचलंच नव्हतं, हे तुझ्या साहेबांनाही सांगायला हरकत नाही. उद्या तू येतेस, तेव्हा हे पत्र तुझ्या मागून तुझ्या घरी पोचेल. तरी लिहिते, कारण समोर बसून मला हे सांगता येणार नाही.

बंदूक मी गोधडीत गुंडाळून रिक्षातून नेली. मास्तरीणबाईंनी एक टोक धरलं, मी दुसरं. रिक्षावाल्याने विचारलं की आजारी कोण आहे. परवाना शाखेत एक तरुण बाई बसतात. मी आधी अर्ज दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला. मग मी गोधडी सोडली. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बाहेर गेले आणि तिथल्या साहेबांनी आपलं दार आतून लावून घेतलं. त्या बाई मात्र हलल्या नाहीत, मला त्या आवडल्या. त्यांनी मालखान्यातून हवालदारांना बोलावलं. ते निवृत्तीला आलेले आहेत. त्यांनी दस्त्यावर बोटाने टकटक केलं, घोडा दोनदा ओढून पाहिला आणि विचारलं की हे काम कुणाचं, त्यांना घराचं दार करून घ्यायचं आहे. मी म्हटलं, उशीर केलात.

मग त्यांनी ह्यांचं नाव विचारलं आणि आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं बेड्या आणायला गेले. आले ते एक जाडजूड वही घेऊन. शहरातली जमा झालेली शस्त्रं तिच्यात लिहितात. त्यांनी पान काढून माझ्यासमोर धरलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तारीख, एकनळी बंदूक एक, परवान्याची पुस्तिका एक, स्वखुशीने जमा. पुढे ह्यांची सही. त्याच्याखाली 'सोबत आलेले' म्हणून बेकरीवाल्याची सही. भुशात सापडल्यावर त्याने गाजावाजा न करता ती ह्यांना परत दिली असणार, आणि हे त्याला घेऊन सरळ कचेरीत गेले. भांडणानंतर पंधरा दिवसही झाले नव्हते. भिंगरी, बंदूक कधी लपवली नव्हती, विकली नव्हती. नावावर काहीही नाही. आमच्या गवसणीखाली मी ज्या भीतीने राहिले, ती भीती घरात नव्हतीच.

त्या बाई गोंधळल्या. जमा झाली तर मग नोटीस कशी गेली? हवालदारांनी वहीच्या मागे लावलेली जुनी फाइल सोडली तेव्हा कळलं. परवाना रद्द केला की तसं पत्र घरी पाठवतात, ते जावक वहीत चढतं, आणि त्या वहीत न चढलेली नावं चालू परवान्यांच्या यादीत राहतात; ती यादी यंदा पहिल्यांदाच पडताळणीला घेतली होती. ह्यांचं पत्र टाइप झालं होतं, शिक्कासुद्धा होता, पण पाठवलंच नव्हतं. ते फाइलीतच टाचलेलं होतं. आणि त्याला ह्यांचा अर्ज लावलेला होता. मी तो उतरवून घेतला, जसाच्या तसा देते.

'घरात बंदूक असल्याने पत्नीचा जीव घाबरा होतो, सबब ती जमा करून घ्यावी व परवाना रद्द करावा. बंदूक आता घरात नाही अशी पत्नीची समजूत आहे व त्यामुळे ती निर्धास्त आहे. मी तिला काही विचारलेले नाही. तरी रद्द केल्याचे पत्र कृपया घरी पाठवू नये. मला सर्व माहीत आहे असे तिला कळल्यास ती माझी माफी मागेल, आणि चूक माझी असल्याने ते योग्य होणार नाही. समोर राहणाऱ्या मास्तरांना मी भेटून आलो आहे.'

हे मी वाचलं आणि त्या कचेरीत, सगळ्यांसमोर, तोंडावर पदर न घेता रडले. मास्तरीणबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, शेवटची ओळ वाचली आणि त्याही रडायला लागल्या. मास्तरांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. दोघे पुरुष काय बोलले, कुठे बोलले, कुणास ठाऊक. साहेबांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि परत लावलं.

ज्याने आयुष्यात माफी मागितली नाही म्हणून मी मनात राग धरला, त्याने ती मागितली होती, आणि माझी माफी मला मागावी लागू नये म्हणून एका कारकुनाला विनवलं होतं. ती लाकडी बंदूकही त्यासाठीच, कुणी कधी गवसणी उघडलीच तर माझा पाइप उघडा पडू नये म्हणून. तो कारकून कोण होता तेही आता कुणाला माहीत नाही. त्याने नियम मोडला आणि पत्र पाठवलं नाही, तुझ्या शाखेत कुणी असं करेल का? मला आज फार वाटलं की हे असते तर मी त्यांना काहीही विचारलं नसतं. नुसता चहा करून दिला असता.

त्या बाई म्हणाल्या की आता नोंद पूर्ण करायला ते पत्र घरी पोचवावंच लागेल, नाहीतर दर वर्षी नोटीस येत राहील. टपालाने पाठवू का विचारलं. मी म्हटलं, मी आलेच आहे तर हातीच द्या. त्यांनी जावक वही माझ्याकडे वळवली. नावाच्या रकान्यात ह्यांचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात मी 'पत्नी' लिहिलं. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं, आणि मी तिथे लिहिलं, 'मिळाले', आणि खाली सही केली.

जीव तुझ्यावर आहेच, तो पत्रात किती मावणार.

तुझी
मावशी